गिरणीवरच्या ओव्या

पवित्रा बाई नववीला मराठी आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवत. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या हायस्कुलात त्यांना तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षं त्यांची एकच तक्रार होती. समाजसुधारणेच्या चळवळींचा धडा आला की मुलं सनावळ्या पाठ करायची. कोणी कोणती संस्था काढली, कोणत्या साली काढली, जोड्या जुळवा, रिकाम्या जागा भरा. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या एका मुलीला त्यांनी एकदा विचारलं, की ही माणसं एवढी चिडली कशावर होती गं? ती गोंधळली आणि पुस्तकाची पानं चाळायला लागली.

म्हणून २००१ सालच्या जुलैत त्यांनी मुलांना वेगळंच काम दिलं. घरात, गल्लीत, आजोळी कुठंही जाऊन विचारायचं, की अन्यायाविरुद्ध रचलेलं एखादं गाणं, एखादी कविता कुणाला तोंडपाठ आहे का. असेल तर ती ऐकून जशीच्या तशी उतरवून आणायची. छापलेली चालणार नाही. जमलेल्या रचनांचं पहिल्या सत्राच्या शेवटी एक हस्तलिखित करायचं, असंही त्यांनी ठरवलं होतं. मुख्याध्यापक गणपतरावांनी परवानगी दिली, पण यातून परीक्षेला प्रश्न कसा काढणार, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. बाई म्हणाल्या, आधी गाणी तर येऊ देत.

काम समजावून देताना बाईंनी दरवर्षीप्रमाणे आपल्या घरची गोष्टही सांगितली. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला बोरगुंडी हे त्यांचं माहेर. आजोबा रुद्राप्पा यांचं तिथं किराणा मालाचं दुकान. चोपन्न साली आजोबांनी सांगलीहून डिझेल इंजिन आणलं आणि पिठाची गिरणी घातली. आसपासच्या पाच-सहा गावांत तेव्हा गिरणी नव्हती. बायका पहाटे चारला उठून जातं ओढायच्या, तळहाताला घट्टे पडायचे, बाळंतिणीलाही सुटका नसायची. गिरणी आली आणि बायकांची पहाट मोकळी झाली. सुधारणा नेहमी सभेतून आणि ठरावातूनच येते असं नाही, कधी ती इंजिनातूनही येते, असं म्हणून बाई थोडं थांबायच्या. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडायचं.

पंधरा दिवसांत कागद यायला लागले. यशराजनं गाईडमधून उतरवलेल्या ओळी आणल्या आणि आजोबांनी सांगितल्या म्हणून ठोकून दिलं. सयाजीनं वडिलांच्या कारखान्यातल्या संपाच्या घोषणा आणल्या. त्या यमकात होत्या आणि त्यातल्या दोन वर्गात वाचता येण्यासारख्या नव्हत्या. हुपरीहून एस.टी.नं येणाऱ्या दानेश्वरीनं मामीकडून एक दोन ओळींचं गाणं आणलं. दिवसभर चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडणारी बाई त्यात स्वतःच्या उघड्या पायांना विचारते, की तुम्ही कधी वाजणार? बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि तो अख्खा तास मुलं त्यावर बोलत राहिली. असा तास कित्येक वर्षांत झाला नव्हता.

अनुजाचा कागद शेवटी आला. ही तिसऱ्या बाकावरची, फारसं न बोलणारी मुलगी. वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला, घर राजेंद्रनगरात. शुक्रवारी शेवटच्या तासाला तिनं चार घड्या घातलेला कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. आजीनं सांगितलंय, एवढंच म्हणाली. बाईंनी विचारलं, तू वाचतेस का? तिनं नकारार्थी मान हलवली. मग बाईंनीच कागद उलगडला आणि आधी नजर न टाकता मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मुलांसमोर पहिल्यांदा वाचण्यात मजा असते, असं त्यांना वाटायचं.

पहिली माझी ओवी, टाकिला हातातला दोर
ज्याच्या दारी मेलं त्यानं ओढावं त्याचं ढोर

वाचून त्या थांबल्या आणि मुलांना अर्थ सांगितला. पूर्वी गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून गावाबाहेर न्यायचं काम महार समाजाच्या माथी मारलेलं असायचं. छप्पन साली धम्म घेतल्यावर गावोगावी त्या लोकांनी हे काम सोडलं, दोर खाली टाकला. त्या दोराची ही ओवी आहे. केवढी साधी आणि केवढी धारदार, असं म्हणत त्या पुढं वाचायला लागल्या.

दुसरी माझी ओवी, गिरणी पुकपुक बोलते
गावाचं दळते पीठ, माझी पाटी बाहेर ठेवते

तिसरी माझी ओवी, रुद्राप्पाच्या लेकाला

इथं बाईंचा आवाज थांबला. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली, मोठ्यानं वाचली नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अनुजानं नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं: गाव बोरगुंडी, ता. शिरोळ.

वर्ग वाट बघत होता. सयाजी म्हणाला, बाई, पुढं? बाईंनी कागदाची घडी घातली. बाकीचं नंतर वाचू, व्याकरणाची वही काढा, म्हणाल्या. तास संपायला वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं त्यांनी समास शिकवले. या सगळ्या वेळात अनुजा त्यांच्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं काय चुकलं हे शोधणाऱ्या मुलीसारखी ती बघत होती, आणि बाईंना तेच सहन होईना.

शनिवारी सकाळच्या शाळेत अनुजा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाई, माझा कागद.”

बाई म्हणाल्या, घरी राहिला, सोमवारी आणते. कागद त्यांच्या पर्समध्येच होता.

रविवारी त्या बोरगुंडीला गेल्या. जयसिंगपूरपर्यंत एस.टी. आणि पुढं वडाप. जीपमध्ये दाटीवाटीनं बसल्या बसल्या त्यांनी त्या ओव्या पुन्हा वाचल्या. रुद्राप्पाला लेक एकच. म्हणजे आण्णा, त्यांचे वडील. दोर टाकला म्हणून गावानं सत्तावन्न साली खालच्या वस्तीवर बहिष्कार टाकला होता, एवढं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. तेव्हा आण्णा बावीस-तेवीस वर्षांचे असतील, आणि गिरणीवर तेच बसत. हिशेब सरळ होता. तरी बाई मनाशी दुसरा कोणी रुद्राप्पा, दुसरी कोणती गिरणी शोधत राहिल्या.

आण्णा सोप्यात खाटेवर बसले होते. लेक अचानक आली म्हणून खूश झाले. ऊस कसा आहे, यंदा पाणी कुठवर आलं होतं, हे सगळं सांगून झालं. चहा झाल्यावर बाईंनी कागद न दाखवता विचारलं, की आण्णा, गावानं खालच्या वस्तीवर बहिष्कार टाकला होता तेव्हा आपली गिरणी त्यांना बंद होती का?

आण्णांनी कप खाली ठेवला. हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, की वर्गातल्या मुलीनं गाणं आणलंय. मग आण्णा बराच वेळ बोलत राहिले. गावचा निर्णय होता, पंचांनी घेतलेला. दुकानानं त्यांना मीठ द्यायचं नाही, शेतात त्यांना काम द्यायचं नाही, गिरणीनं दळण घ्यायचं नाही. एकट्यानं गावाच्या विरोधात जायचं म्हणजे दुकान बुडवायचं. शिवाय आपण उपरी माणसं, मूळचे सीमेपलीकडचे, दोन पिढ्या झाल्या तरी घरात कन्नड बोलणारे. गावाशी वाकडं घेऊन राहणार कुठं? सगळं त्यांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता. शेवटी मात्र म्हणाले,

“तुला पोरांना कविता शिकवायला ठेवलंय का गावची मढी उकरायला?”

आणि उठून मागच्या गोठ्याकडं गेले.

बाई स्वयंपाकघरात आल्या. अव्वा, म्हणजे आई, भाकरी थापत होती. रत्नव्वा तिचं नाव. सीमेपलीकडची, सत्तावन्न सालीच या घरात सून म्हणून आलेली. तिनं सोप्यातलं सगळं ऐकलं होतं. बाई पाटावर बसल्या. अव्वानं तव्यावरची भाकरी उलटली आणि न विचारताच म्हणाली,

“व्हय. बंद केलती.”

मग तिनं सांगितलं ते असं. ती लग्न होऊन आली तेव्हा बहिष्काराला थोडेच दिवस झाले होते. पहिल्या आठवड्यात खालच्या वस्तीतल्या बायका पाट्या घेऊन आल्या आणि गिरणीच्या दाराशी ओळीनं ठेवून गेल्या. संध्याकाळी येऊन, जोंधळा तसाच बघून, उचलून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवल्या. असं आठ दिवस चाललं. कुणी भांडलं नाही. नवव्या दिवशी कुणी आलं नाही. त्यानंतर पहाटे खालून जात्यांची घरघर ऐकू यायला लागली. मोडीत काढलेली जाती बायकांनी पुन्हा मांडली होती, आणि त्याच्यावर गाणं. वारं इकडचं असलं की शब्दही ऐकू यायचे.

“तुझा आण्णा मग पहाटे उठून इंजिन चालू करायचा,” अव्वा म्हणाली. “दळण न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. रिकामं इंजिन फिरवायचा. डिझेल जळतंय म्हणून मामंजी शिव्या द्यायचं. तरी चालू करायचा.”

बाईंनी विचारलं, कशासाठी?

“गाणं ऐकू येऊ नये म्हणून. दुसरं काय?”

बाईंनी विचारलं, की तू कधी काही म्हणाली नाहीस? अव्वानं पिठाचा हात परातीत झाडला. म्हणाली, “सतरा वर्सांची हुते मी. मराठीबी धड येत न्हवतं. कुणाला म्हणू?” थोड्या वेळानं ती स्वतःच म्हणाली, की आजपर्यंत हे कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही.

निघताना पाया पडल्यावर आण्णांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला, पण दारापर्यंत पोचवायला आले नाहीत.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाईंनी अनुजाला थांबवून घेतलं. कागद परत दिला आणि तुझ्या आजीला भेटायचंय, येऊ का, असं विचारलं. अनुजानं लगेच हो म्हटलं नाही. तिनं विचारलं, बाई, आजीला रागवणार नाही ना? बाई म्हणाल्या, नाही गं. दोघी चालतच राजेंद्रनगरात गेल्या. वाटेत बाईंनी तिला सांगून टाकलं, की ओवीतला रुद्राप्पाचा लेक म्हणजे माझे वडील. अनुजा म्हणाली, मला माहीत होतं. तुम्ही वर्गात गावाचं नाव सांगितलं होतं, आजोबांचंही. मी घरी विचारलं तेव्हा आजी हसली आणि म्हणाली, लिही.

बयाबाई दारातल्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. साठ-बासष्ट वर्षांची, लहानखुरी, पांढरं स्वच्छ लुगडं. बाई कोण हे अनुजानं सांगितल्यावर ती सरकून बसली आणि बाईंना पायरीवरच जागा करून दिली. आत चला म्हणाली नाही, पण सुनेला चहा टाकायला सांगितला. बाईंनी काल जे कळलं ते सगळं सांगितलं. पाट्यांचं, पंचांचं, आण्णांचं. रिकाम्या इंजिनाचं सांगावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग तेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, की मी तुमची माफी मागायला आलेय.

“तुम्ही कशाला मागताय? तुम्ही तवा जल्मलाबी न्हवतासा,” बयाबाई म्हणाली. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “पोरगी सांगत हुती, बाई वाचता वाचता थांबल्या म्हणून.”

बाई म्हणाल्या, हो, थांबले.

“त्याची मागा माफी. गाणं अर्ध्यात सोडायचं न्हाई. आमी त्या टायमाला भ्यालो न्हाई, आन तुम्ही आता कुणाला भ्यालासा?”

बाईंनी अनुजाकडं वळून, तिच्या आजीसमोर, चुकले म्हटलं. अनुजा लाजून आत पळाली.

चहा घेता घेता बयाबाईनं त्या दिवसांचं सांगितलं. मिठासाठी ती आणि दीर नदी उतरून पलीकडच्या गावी जात. काम नव्हतं, तेव्हा चिगळीची भाजी आणि आंबाड्याचा पाला खाऊन दिवस काढले. जातं ओढायची सवय तिच्या वयाच्या पोरींना राहिली नव्हती, तीन वर्षांत हात मऊ पडले होते. सासू मागं बसायची, ही पुढं. गिरणी चांगलीच होती, असं ती म्हणाली. गिरणी बंद झाली तेव्हाच ती किती चांगली होती ते कळलं.

ओव्या वर्गात शिकवायला ती तयार होती, पण तिच्या दोन अटी होत्या. एक म्हणजे सगळ्या वाचायच्या, नाव गाळायचं नाही. दुसरी म्हणजे ज्यांनी रचल्या त्यांची नावं लिहायची. पहिली तिच्या सासूची, बाळाबाईची. दुसरी शेवंताची, ती घटसर्पानं गेली. तिसरी गोदाक्काची. “ती भारी तिखट हुती,” बयाबाई म्हणाली. चौथी तिची स्वतःची. आयुष्यात तेवढी एकच जुळली, पुन्हा कधी जुळली नाही, म्हणाली. ओवी म्हटली की लोक कुण्या बाईची म्हणून सोडून देतात, तसं करू नका.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात चारही ओव्या वाचल्या. वाचण्याआधी नावं फळ्यावर लिहिली. बाळाबाई, शेवंता, गोदाक्का, बयाबाई. मग तिसरी आणि चौथी सावकाश वाचली.

तिसरी माझी ओवी, रुद्राप्पाच्या लेकाला
जात कुठं दाण्याला, इचार तुझ्या दगडाला

चौथी माझी ओवी, सासूचं मांडिलं जातं
तुझी गिरणी तुझ्यापाशी, माझं पीठ माझ्या हातं

त्या म्हणाल्या, की रुद्राप्पा माझे आजोबा आणि त्यांचा लेक माझे वडील. गिरणीची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, ती खोटी नाही. गिरणी आली, बायकांचे हात सुटले. आणि हीसुद्धा खरी आहे. शुक्रवारी मी वाचता वाचता थांबले, कारण मला लाज वाटली. आपल्या घरचं नाव आलं की थांबायचं, असं असेल तर मी तुम्हाला चळवळी शिकवू नयेत.

मग यशराजनं हात वर केला. “बाई, मग तुमचे आजोबा सुधारक होते की नव्हते?”

दोन गुणांच्या प्रश्नासारखा तो विचारत होता. बाईंना उत्तर देता आलं असतं, पण त्यांनी दिलं नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. मुलं बोलायला लागली. गिरणी बांधली म्हणजे सुधारक, असं कुणी म्हणालं. दार सगळ्यांना उघडं नसेल तर ती नुसती गिरणी, सुधारणा नाही, असं दानेश्वरी म्हणाली. सयाजीला वाटलं, की त्यांचा नाइलाज होता. त्यावर अनुजा पहिल्यांदाच वर्गात आपणहून बोलली. नाइलाज आमच्या आजीचा होता, ती म्हणाली, तरी तिनं ओवी रचली.

तास संपता संपता मागच्या बाकावरच्या कृष्णातनं वेगळंच सांगितलं. तो आजोळी सुट्टीला जातो त्या गावात चहाच्या टपरीवर काही कप वेगळ्या खिळ्याला अडकवलेले असतात. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता विचारू का, असं तो बाईंना विचारत होता. बाई म्हणाल्या, विचार, पण आधी आजोबांना विचार, टपरीवाल्याला नंतर.

गोष्ट शाळेबाहेर जायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात दोन पालक गणपतरावांना भेटून गेले. जुन्या जखमा कशाला, मुलांच्या डोक्यात जात कशाला भरवता, असं त्यांचं म्हणणं होतं. गणपतराव भला माणूस. त्यांनी बाईंना बोलावून मधला मार्ग सुचवला. हस्तलिखितात ओव्या ठेवा, पण रुद्राप्पाच्या लेकाला याऐवजी गिरणीवाल्याच्या लेकाला असं करा, चालीतही बसतं. बाई म्हणाल्या, चालीत बसतं, पण शब्द दिलाय. तुमच्या वडिलांचीच बदनामी होतेय, असं गणपतराव म्हणाले. बाईंनी तरी नाव बदललं नाही. शेवटी गणपतरावांनी सांगितलं, की प्रस्तावनेवर सही करीन, पण त्या पानाची जबाबदारी तुमची. बाईंनी त्या पानाखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

बोरगुंडीतून भावाचा फोन आला. राजशेखर त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण फोनवर तो मोठ्या भावासारखा बोलला. गावात लोक विचारतात, मान खाली घालायला लावलीस, आण्णांनी जेवण कमी केलंय. बाई ऐकत राहिल्या. दिवाळीला त्या माहेरी गेल्या नाहीत. कुणी ये म्हटलं नव्हतं. अव्वानं मात्र शेजारच्या पोराबरोबर करंज्यांचा डबा पाठवला. त्या दिवाळीत बाईंना अनेकदा वाटलं, की आपण चुकलो. चळवळ शिकवायला घरचीच माणसं कशाला हवी होती? पुस्तकातली काय कमी आहेत? नवरा म्हणाला, तू बरोबर केलंस. त्यानं बरं वाटलं नाही. त्याचे वडील नव्हते ते.

जानेवारीत आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दवाखाना कोल्हापुरात, त्यामुळं ते आणि अव्वा बाईंच्या घरी येऊन राहिले. येताना आण्णा नीट बोलले, नातवाशी खेळले. गाण्याचा विषय कुणी काढला नाही. पट्टी काढल्यावर महिन्याभरानं, नवा चष्मा लागल्यावर, ते दुपारी गॅलरीत पेपर वाचत बसले होते. पेपर वाचून झाल्यावर त्यांनी बाईंना हाक मारली.

“तुमच्या पोरांचं ते पुस्तक कुठं हाय? दाखव बघू.”

बाईंनी हस्तलिखित आणून दिलं. मुलांनी वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली, कडेनं वेलबुट्टी काढलेली साठ पानं. आण्णांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. हुपरीचं पैंजणाचं गाणं त्यांनी दोनदा वाचलं. संपाच्या घोषणा वाचून थोडे हसले. अनुजाच्या पानावर आल्यावर ते बराच वेळ थांबले. बाई दारात उभ्या होत्या. आत जावं की थांबावं, त्यांना कळेना.

ओव्यांखाली बाईंनी चार ओळींची टीप लिहिली होती. गावानं बहिष्कार टाकला तेव्हा बोरगुंडीची गिरणी या लोकांना काही महिने बंद होती, असं त्यात होतं. आण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे चुकलंय,” ते म्हणाले. “काही महिने न्हवं. सोळा महिने. मी मोजलेत. पेन घे आन नीट लिही.”

बाईंनी पेन आणलं. काही हा शब्द खोडून वर सोळा लिहिलं. आण्णांनी ते वाचून बघितलं आणि हस्तलिखित मिटून परत दिलं. मग म्हणाले, की त्या बायका पाट्या ठेवून जायच्या ना, तेव्हा पाटीवर फडकं झाकलेलं असायचं. पाखरांनी खाऊ नये म्हणून. आठही दिवस ती फडकी धुतलेली असायची. एवढं बोलून त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

बयाबाईला भेटायला चला, असं बाईंनी त्यांना दोन दिवसांनी सुचवलं. रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर होतं. आण्णांनी विचार केला आणि नको म्हटलं. काय तोंड घेऊन जाऊ, म्हणाले. गावाला परत गेले. त्यानंतर ते पाच वर्षं होते. त्या पाच वर्षांत दोघांची भेट झाली नाही.

पण ती दुरुस्ती बाईंनी स्वतः जाऊन बयाबाईला सांगितली. सोळा महिने, त्यांनीच मोजलेत, असं सांगितलं. फडक्यांचंही सांगितलं. बयाबाई ऐकत होती. ती आपल्या तळहातांकडं बघत राहिली.

“सोळाच,” ती म्हणाली. “बरोबर हाय.” मग सुनेला आत हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि पायरीवरून उठत बाईंना म्हणाली, “आत चला की. ऊन आलंय.”